व्यंकोजीरावांची सही

टपालाच्या तिकिटाच्या पाठीला जीभ लावणारा माणूस व्यंकोजीरावांना एक वेळ चालायचा, पण तिकीट लॅमिनेट करून आणणारा दिसला की त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "मढ्याला पावडर फासून आणलीत? न्या परत!" बंगळुरात इंदिरानगरातल्या त्यांच्या घरी रविवारी सकाळी अशांची रीघ लागे. कुणी सेलोटेप चिकटवून आणी, कुणी यूट्यूब बघून येई आणि विचारी, "सर, हे कोटीचं ना?" राव म्हणत, "कोटीचं असतं तर तुमच्या आजोबांनी ते बिस्किटाच्या डब्यात ठेवलं असतं काय?"

घराणं तीनशे वर्षं इथलंच. राव टपाल खात्यात अडतीस वर्षं काढून निवृत्त झाले आणि लोकांची जुनी तिकिटं पारखायला बसले. पारखायचे पैसे घेत नसत. तिकीट अस्सल की बनावट, अंदाजे किंमत काय, एवढं एका कागदावर येई आणि खाली त्यांची सही. राव म्हणाले म्हणजे झालं, असं बंगळुरातले तिकीटवाले म्हणत. त्या कागदासोबतचं तिकीट कुणी उलटूनसुद्धा बघत नसे. रावांना आयुष्यात दुसरं काही मिळवायचं नव्हतं.

त्या रविवारी महादेवपुऱ्यातून तनय आला. मूळ नागपूरचा, आयटीतला, गोड बोलणारा. त्याला प्रतापरावांनी पाठवलं होतं. प्रतापराव म्हणजे रावांच्या बायकोचे, कौशल्याबाईंचे थोरले भाऊ. दोन वर्षांपासून तेही तिकिटांची खरेदी-विक्री करत होते.

तनयनं राणीच्या काळातलं, न वापरलेलं दिसणारं एक तिकीट पुढे ठेवलं. रावांनी चिमट्यानं उचलून ते भिंगाखाली धरलं आणि नाक मुरडलं. पाठीवर डिंक ताजा, गुळगुळीत. कागदाला आधी डिंक लावतात आणि मग कडेला दात पाडतात, म्हणून अस्सल तिकिटाच्या दातांची टोकं कोरडी, कापसासारखी मऊ असतात. याचे दात डिंकानं कडक झाले होते.

"शी! जुनं तिकीट धुऊन नवा डिंक फासलाय. तुला फसवलं रे पोरा."

"माहितेय ना काका," तनय हसला. "नवा डिंक लावला की किंमत चौपट. फक्त तुमचा कागद पाहिजे. प्रतापकाकांकडचे सह्या केलेले संपले. ते म्हणाले, आता डायरेक्ट त्यांच्याकडेच जा. तुमचा वाटा मिळतो ना वेळेवर?"

रावांना आधी कळलंच नाही. मग कळलं.

हात कापायला लागल्यापासून त्यांनी एक सोय करून घेतली होती. पहाटे हात स्थिर असे, तेव्हा आठवड्याभराच्या कोऱ्या कागदांवर सह्या करून ठेवायच्या. मजकूर नंतर कौशल्याबाई टाईप करत.

"किती कागद दिले तुला प्रतापनं?"

"चाळीसेक असतील. का?"

राव आत गेले. कौशल्याबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"दादानं मागितले, दिले. कोरे तर होते! कोऱ्या कागदात कसलं पाप हो?"

"तुझा दादा चोर आहे!"

"आणि तुम्ही? न वाचता सही करणारे तुम्हीच ना?"

मेव्हण्याची किळस आली, बायकोची आली, बाहेर पाय हलवत बसलेल्या त्या पोराची आली. पण सगळ्यांत जास्त स्वतःचीच आली. आयुष्यभर लोकांच्या डिंकाला नावं ठेवली, आणि आपलं नाव डिंकासारखं कुठेही फासायला ठेवून दिलं. थू!

बाहेर येऊन त्यांनी तनयला दार दाखवलं. मग फोन घेतला आणि शहरातल्या तिकीटवाल्यांच्या ग्रुपवर लिहिलं: गेल्या दोन वर्षांतला माझ्या सहीचा कुठलाही कागद खरा मानू नका. चूक माझी आहे. व्यंकोजी.

"काका, अहो, खरे कागदपण रद्दी होतील ना!" तनय दारातूनच ओरडला.

"होऊ देत. चालता हो!"

पाच मिनिटांत फोन वाजला. देवाप्पा, निवृत्त बस कंडक्टर. वर्षापूर्वी बापाचं एकच तिकीट घेऊन आले होते. अगदी अस्सल निघालं, म्हणून रावांनी त्यांना पोटभर उप्पिट खाऊ घातलं होतं.

"राव, मेसेज बघितला. माझा कागद तर तुम्ही माझ्यासमोर केलेला. तो खरा ना?"

"शंभर टक्के खरा, अण्णा."

"सरी, सरी, बरं झालं! जीव भांड्यात पडला. गिऱ्हाईक उद्या येतंय. मग तेवढं लिहून द्या की स्वल्प, थोडंसंच, सही करून."



"अण्णा," ते म्हणाले, "त्या सहीला आता कोण विचारतो?"