पारूआत्याच्या बातमीतली दुरुस्ती

माझी पारूआत्या दोनदा वारली. पहिल्या खेपेला तिला मीच मारलं.

(दचकू नका. रजेच्या अर्जावर मारलं. पण परिणाम बघता, खरोखर मारलं असतं तरी एवढी बेअब्रू झाली नसती!)

शिवाजी पेठेतल्या एका शाळेत मी तेव्हा सातवीला शिकवत होतो, तेही टेंपरवारी. कायम व्हायचं की घरी बसायचं, हे तपासणीला येणाऱ्या दिपोटीसाहेबांच्या शेऱ्यावर ठरणार होतं. त्या शेऱ्यासाठी माझ्या बायकोनं, सुमननं, अंबाबाईला नवस बोलला होता. सासरे तर ‘जावई काय करतात?’ असं कुणी विचारलं की विषय हवापाण्याकडे नेत.

त्याच वर्षी वरून परिपत्रक आलं, की धड्यांत चालू घडामोडी आणा. बाकीच्या गुरुजींनी त्यावर सही केली आणि ते विसरले. मला मात्र चेव आला. (टेंपरवारी मास्तराला चेव येण्यासारखी वाईट गोष्ट नाही!) वर्गाबाहेर मी एक फळा टांगला आणि वर लिहिलं, ‘वार्ताफलक’.

पहिल्या आठवड्यात पोरांनी न्हाव्याच्या दुकानातल्या पेपराचे मथळे उतरवून आणले. परदेशात कोणतं सरकार पडलं ते सगळ्या वर्गाला पाठ, पण गल्लीतला नळ चार दिवस कोरडा का, ते एकालाही ठाऊक नाही! मग मी नियम केला. बातमी आपल्या गल्लीतली पाहिजे. तिच्यात पाच प्रश्नांची उत्तरं पाहिजेत: कोण, काय, कुठे, केव्हा आणि का. ज्याची बातमी, त्याच्याकडे स्वतः जाऊन खात्री करायची. आणि चूक निघालीच, तर सगळ्यांसमोर उभं राहून दुरुस्ती वाचायची.

हा नियम वर्गात एकाच पोरीनं मनावर घेतला. शमीम मणेर. आमच्या समोरच राहायची, तिचे वडील बांगड्या विकायचे. पिठाच्या गिरणीचा काटा खोटा असल्याची बातमी तिनं खुद्द गिरणीवाल्याला विचारून आणली होती. तिच्याकडे बघून मला वाटायचं, आपल्या आयुष्याचं सार्थक झालं. वाटायचं ते वाटायचं!

मग आमच्या तालमीचा संघ फुटबॉलच्या फायनलला पोहोचला, आणि मॅच आली मंगळवारी दुपारी. माझी रजा केव्हाच संपली होती. पण मयतीला रजा लागत नाही, नुसतं तोंड पाडून उभं राहावं लागतं. मयत लांबचं हवं, म्हणजे खात्री करायला कुणी जाणार नाही. गगनबावड्याला पारूआत्या होती. आई गेल्यावर मला लहानाचं मोठं केलेली, नाचणीच्या भाकरीचा पहिला घास मला भरवणारी. मी तिचीच निवड केली. आजही हे लिहिताना हात अडखळतो, पण त्या दिवशी अर्जावर अजिबात अडखळला नाही.

“फार वाईट झालं हो जाधव गुरुजी,” हेडमास्तर म्हणाले. “जा, लगेच जा.”

मी लगेच गेलो. मैदानावर. दोन तास गळा फाडून ओरडलो आणि आम्ही एका गोलनं हरलो.

दुसऱ्या दिवशी डोळे लाल, आवाज बंद. मास्तरांच्या खोलीत सगळे हळहळले. “रडून रडून आवाज गेला बघा बिचाऱ्यांचा!” मी मान खाली घातली. (हरलेल्या माणसाची मान आपोआपच खाली असते.) हेडमास्तरांनी पाठीवर हात ठेवला. “उद्या दिपोटीसाहेब येताहेत. एवढ्या दुःखात पाठ घ्याल ना?”

मी घोगऱ्या आवाजात “कर्तव्य आहे” म्हणालो आणि वर्गाकडे वळलो. वार्ताफलकावर सुबक अक्षरांत लिहिलं होतं: ‘दुःखद वार्ता. आपल्या गुरुजींच्या आत्या पार्वतीबाई यांचे गगनबावडा येथे निधन.’

शमीम खडू हातात घेऊन उभी. “गुरुजी, हेडसरांनी सांगितलं म्हणून लिहिलं. मी खात्री केलेली नाही. आज करते.”

“नको!” असं मी ओरडलो. पण आवाज बसलेला, त्यामुळे बाहेर नुसती हवा आली. तिला वाटलं, मला हुंदका आला.

संध्याकाळी घरी आलो तर दाराशीच, पुढच्या सोप्यात पारूआत्या बशीतून चहा पीत बसलेली! शेजारी मधाची बाटली आणि नाचणीच्या पिठाचं गाठोडं. गुडघा दाखवायला दुपारच्या एस्टीनं आली होती. आजवर कधी न कळवता आली नव्हती, ती नेमकी मेल्यावर आली.

“ये रं आबा,” ती शांतपणे म्हणाली. “मी कवा मेले म्हणं?”

मी उंबऱ्यातच बसलो.

“मणेराची पोरगी आलती,” आत्या म्हणाली. “लई गोड लेकरू. म्हणली, तुमी पार्वतीबाईच का? मी म्हणलं, व्हय. तर म्हणती, मग तुमी वारलासा त्ये खरं हाय का?”

सुमन आतून लाटणं घेऊनच बाहेर आली. मी फायनलपासून अर्जापर्यंत सगळं सांगितलं. सुमन रडायला लागली. “मी तिकडं नवस बोलते, आन् तुमी इकडं माणसं मारताय!”

आत्या मात्र एकटक माझ्याकडे बघत होती. “आबा, मॅच कुनी जिंकली?”

“हरलो.”

“म्हंजे मला मारून बी तुमचा गोल न्हाई झाला?” तिनं बशी खाली ठेवली. “निदान जिंकायचं तरी हुतं की रं!”

एकच उपाय उरला होता. शमीमला गप्प करायचं. मी समोर गेलो. तिचे वडील बांगड्यांचे खोके पुसत होते. पलीकडे कंदिलाशी ती वहीत काहीतरी नीट आखून लिहीत होती.

“या की गुरुजी,” वडील म्हणाले. “पोरीनं वेड लावलंय बघा. चुकलं तर भ्यायचं न्हाय, दुरुस्त करायचं, म्हणती. आमचे गुरुजी सांगत्यात, म्हणती. आमी अंगठेबहाद्दर मानसं, पर पोरगी माझी खरं बोलणार!”

मी तोंड उघडलं. त्या पोरीनं वर बघितलं आणि इतक्या आनंदानं हसली, की ‘खोटं बोल’ हे दोन शब्द माझ्या तोंडून निघेनात. वडिलांनी विचारलं, “काय पायजे हुतं?” मी सुमनसाठी डझनभर हिरव्या बांगड्या घेतल्या आणि परत आलो. सुमननं त्या तीन महिने भरल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी दिपोटीसाहेब मागच्या बाकावर बसले, शेजारी हेडमास्तर. मी मुद्दाम नद्यांचा धडा काढला. पंचगंगेपर्यंत सुखरूप पोहोचलो होतो, एवढ्यात साहेब म्हणाले, “तुमच्या वार्ताफलकाबद्दल ऐकलंय. एखादी ताजी बातमी ऐकवा की.”

वर्गात एकच हात वर गेला.

“कालच्या बातमीत दुरुस्ती,” शमीमनं वही उघडली. “कोण? पार्वतीबाई, आपल्या गुरुजींच्या आत्या. काय? त्या वारलेल्या नाहीत. कुठे? गुरुजींच्या सोप्यात. केव्हा? काल दुपारी साडेचार वाजता, चहा पीत होत्या.” मग ती थांबली. “का, याचं उत्तर त्यांनाही माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, आमच्या आबालाच विचार.” तिनं पेन्सिल सरसावली. “गुरुजी, का?”

चाळीस पोरं, एक हेडमास्तर आणि एक दिपोटी माझ्याकडे बघत होते. मला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं, पण सातवीच्या वर्गाला फरशी होती.

“फायनल होती,” मी म्हणालो.

शमीमनं ते लिहून घेतलं. वही मिटताना तिचे डोळे भरून आले. तिला वाटत होतं, चूक सापडली की गुरुजी शाबासकी देतात. मी दिली. त्या दिवशी मी केलेलं तेवढंच एक बरं काम.

साहेबांचा शेरा मला अजून पाठ आहे: ‘उपक्रम अत्यंत यशस्वी. विद्यार्थी निर्भीड. शिक्षकांस कायम करण्याचा विचार पुढील वर्षी व्हावा.’ सासऱ्यांनी आणखी वर्षभर हवापाण्यावर काढलं.

पुढे बारा वर्षांनी पारूआत्या खरोखर गेली, आमच्याच घरी, माझ्या मांडीवर डोकं ठेवून. जाताना म्हणाली, “आबा, आता दे अर्ज.” मी दिला. हेडमास्तर तेच होते. त्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि चष्म्यावरून विचारलं, “खात्री?” शेवटी शमीमच्या वडिलांनी शाळेत येऊन सांगितलं, तेव्हा सही झाली.

तीन दिवसांनी शाळेत गेलो तेव्हा डोळे लाल होते, आणि रडून रडून आवाज पार बसला होता. मास्तरांच्या खोलीत सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. मग म्हातारा शिपाई जवळ आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि फार मायेनं विचारलं,

“गुरुजी, किती गोलनं हरलासा?”