फॉर्मवरचे डोळे

माझ्या पापण्या जन्मापासून मिटलेल्या आहेत आणि आत डोळे नाहीत. हे आधीच सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे.

गेल्या हिवाळ्यात मोबाइल कंपनीचा मेसेज आला. शनिवारपर्यंत ओळख पडताळणी करा, नाहीतर नंबर बंद. मी नोएडात नोकरी करते. वेगवेगळ्या कंपन्यांची अ‍ॅप अंधांना वापरता येतात का, ते तपासायचं माझं काम. त्यामुळे धास्ती अशी वाटली नाही. गाझियाबादच्या फ्लॅटवर परतल्यावर फोन काढला. चेहरा चौकटीत बसवायला रूममेट शेजारी बसली. ती पुण्याची.

"थोडी वर. हां, बिल्कुल. आता हलू नकोस."

फोन म्हणाला, "पापण्यांची उघडझाप करा."

मी भुवया उचलल्या, कपाळ आवळलं. "पापण्यांची उघडझाप करा." सहा-सात वेळा तोच आवाज, जराही न वैतागता. मग तो म्हणाला, "जिवंत व्यक्ती आढळली नाही."

"अच्छा? मग कुकर कोणी लावला, विचार त्याला," रूममेट म्हणाली. आम्ही दोघी हसलो. फोन उशीवर पालथा ठेवला होता. तिथून तो आणखी एकदा बोलला, "जिवंत व्यक्ती आढळली नाही."

"नवीन नंबर घे ना, यार."

ते मला जमणार नव्हतं. आईला वाचता येत नाही. कॉलेजला निघताना मी तिचं बोट धरून फोनच्या बटणांवर या नंबराचा रस्ता तिला पाठ करवला होता. त्याला आठवडा लागला होता. आजही ती आकडे न बघता, बोटाच्या सवयीनं मला फोन लावते. घरातून पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. मला पाठवताना तिनं एवढंच मागितलं होतं, की फोन लावला की तू उचलायचा.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी ऑफिसच्याच सेक्टरमधल्या मोबाइल कंपनीच्या दुकानात गेले. कर्मचारी अदबीनं बोलला. "बैठिए मॅडम, आपका पुराना फॉर्म निकालता हूँ." की-बोर्ड वाजत होता, मग थांबला.

"ये आप ही हैं?"

"जी."

"इसमें तो आपकी आँखें खुली हैं."

मला ती थट्टा वाटली. तो हसला नाही. "सामने देख रही हैं आप, मॅडम," तो हळूच म्हणाला. मग मॉनिटरचा पाया टेबलावर घासल्याचा आवाज आला. त्यानं स्क्रीन भिंतीकडे वळवली होती.

फोटो जुळत नाही आणि मशीन मला जिवंत धरत नाही, म्हणून त्याचा नाइलाज झाला. बाहेर पायरीवर बसून मी आईला फोन लावला आणि फोटोतल्या डोळ्यांचं विचारलं.

"त्या स्टुडिओवाल्या काकांनी बसवून दिले," आई सहज म्हणाली. "मिटल्या डोळ्यांचा फोटो फॉर्मला चालत नाही म्हणाले. देवमाणूस गं. वर काही घेतलंही नाही."

"कुणाचे बसवले?"

"असतील कुण्या पोरीचे. त्यांच्याकडं काय, फोटोंचा ढीग."

रात्री रूममेटनं माझी कागदांची फाईल काढली. कॉलेजचं ओळखपत्र, शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षांची हॉल तिकिटं. आम्ही एकेक कागद मध्ये ठेवत गेलो. फक्त आधार कार्डावर, जिथं फोटो केंद्रातच काढतात, मी मिटलेली होते.

"बाकी सगळीकडे तेच डोळे आहेत," ती म्हणाली. "मला वाटलं, तुला माहितीये."

"कसे आहेत?"

तिनं एक कागद परत उचलला. "छान आहेत. पण तुझा चेहरा हसतोय, आणि ते हसत नाहीत."

त्या काकांवर मला रागावता आलं नाही, आजही येत नाही. कुठल्याच कारकुनानं माझा अर्ज परत केला नाही, तो त्यांच्यामुळे. पण कुणी तरी मुलगी माझ्या चेहऱ्यात बसून माझ्याबरोबर कॉलेज करून आली होती, आणि मी तिला कधी विचारलंही नव्हतं.

तक्रार लिहायला बसले. दिव्यांगांना वापरता येईल अशी सेवा देणं कंपनीवर बंधनकारक आहे; पापण्या हलवता न येणाऱ्या ग्राहकाला दुसरा मार्ग द्या; माझी ओळख माणसाकडून तपासा. शाळेत अर्ज लिहायला शिकले ते 'कृपया'पासून. या वेळी तो शब्द खोडला. शेवटी लिहिलं, की जुन्या फोटोतले डोळे माझे नाहीत.

"वेडी आहेस का? फ्रॉड म्हणतील तुला," रूममेट म्हणाली. "त्यापेक्षा मी बसते कॅमेऱ्यासमोर. दोन पापण्यांचं तर काम आहे."

म्हणजे आणखी एकीचे डोळे. मी तक्रार कंपनीला पाठवली आणि ग्राहक हेल्पलाइनवरही नोंदवली.

शनिवारी दुपारी नंबर बंद झाला. आई काळजी करेल म्हणून संध्याकाळी रूममेटच्या फोनवरून तिला फोन लावला.

"आई, मी बोलतेय."

तिनं विचारलं, "कोण मी?"

मी नाव सांगितलं, घरातल्या खुणा सांगितल्या. बँकेच्या माणसानं गावात बजावलं होतं, की हल्ली आवाजही चोरतात, अनोळखी नंबरावर विश्वास ठेवू नका. "माझ्या लेकीचा नंबर मला पाठ आहे," ती म्हणाली. "तो लावला तर बाई सांगते, हा नंबर अस्तित्वातच नाही. माझ्या लेकीचं काय केलं तुम्ही?" मी रडायला लागले. तिनं फोन ठेवला. नंतर उचललाच नाही.

मंगळवारी दुकानातून ईमेलनं बोलावणं आलं. तक्रार मान्य झाली होती. त्याच कर्मचाऱ्यानं कागदी फॉर्म भरला, अंगठा घेतला, आधार कार्ड पडताळलं, मी आहे तसा नवा फोटो काढला. तासाभरात नंबर सुरू झाला. मी दुकानातच होते, तेवढ्यात फोन वाजला. आई तीन दिवस सारखी तो नंबर लावत होती.

"तूच ना गं?"

"मीच, आई."

ती रडली, मग मला रागावली, मग जेवलीस का विचारलं. मी म्हटलं, "शनिवारी पण मीच बोलत होते. तू ओळखलं नाहीस."

"नाही गं," आई समजावत म्हणाली. "ती दुसरी होती. पण रडली मात्र हुबेहूब तुझ्यासारखी."