मेलेल्या नावांचा धंदा

आदिलाबादच्या ज्या कॉम्प्युटर सेंटरात मी नोकरी केली, त्याचं नाव तोंडावर आलं की आजही थुंकावंसं वाटतं. म्हणून घेत नाही. नव्वदच्या दशकाची शेवटली वर्षं. कापूस मार्केटच्या रस्त्याला खताच्या दुकानावर दोन खोल्या, तीन कॉम्प्युटर, आणि हैदराबादला एसटीडी लावून मिळणारं इंटरनेट. लाइन लागली तर लागली, नाहीतर अख्खी सकाळ गेली.

तेव्हा आमच्याकडे कोणाचा स्वतःचा ईमेल नव्हता. सेंटरचा एकच पत्ता, तोच साऱ्यांचा. मी रोज आलेलं सगळं उतरवून घ्यायचे, छापायचे, घडी घालून वर नाव लिहायचे आणि ज्याचं त्याला द्यायचे. सगळ्यांचं सगळं वाचलं जायचं. त्यात कोणाला वावगं वाटत नसे. पोस्टमन पोस्टकार्ड वाचतोच की.

या गिऱ्हाइकांतलेच एक आमचे गुरुजी. नार्नूरकडच्या आमच्या गावात त्यांनी मला विज्ञान शिकवलं होतं. रिटायर झाल्यावर त्यांनी एकच नाद धरला, जुन्या ज्वारीचा. लाह्यांची, हुरड्याची, मान मोडलेल्या कणसाची, अशी एकतीस वाणं ते दोन एकरांत आलटूनपालटून पेरायचे. ज्वारीचं बी दोन-तीन वर्षं पेरलं नाही की उगवण जाते. म्हणजे पेरणारा थांबला की वाण संपलं. इकडे सगळ्या शिवारात कापूस झाला होता आणि लोक त्यांना वेड्यात काढायचे.

त्यांची वेबसाइट आम्हीच बनवली. एक फोटो, एकतीस वाणांची माहिती आणि 'बी मागा, फुकट पाठवतो' एवढीच ओळ. पण त्या पानाला काय मान होता! शेतीची कॉलेजं, बियाणं जपणाऱ्या संस्था, कुठल्या कुठल्या देशातले लोक आपापल्या पानावर गुरुजींचा पत्ता देऊन ठेवत. दर शनिवारी ते बसनं यायचे आणि मी छापलेली पत्रं चष्मा पुसून पुसून वाचायचे.

मग त्यांचा गुडघा गेला. मुलानं सांगून टाकलं, पुढल्या सालापासून त्या दोन एकरांतही कापूसच. गुरुजींना घोर लागला. तेवढ्यात दुसऱ्या राज्यातल्या एका बियाणं-संस्थेच्या बाईंचं पत्र आलं, की एकतीसच्या एकतीस वाणं आम्ही घेतो, आमच्या जमिनीत दर साल पेरतो, मृगाच्या आधी पाठवा. गुरुजींनी ते पत्र चारदा वाचलं. "पोरी, आता मी मेलो तरी चालते," म्हणाले आणि मला सोडा पाजला.

त्याच उन्हाळ्यात सरांचा, म्हणजे आमच्या मालकाचा, मेव्हणा हैदराबादहून आला. सेंटचा वास आणि खिशाला दोन पेनं. त्यानं नवा धंदा आणला होता. वेबसाइटच्या नावाची मुदत असते, मुदतीत पैसे भरले नाहीत की नाव मोकळं होतं. तशी मोकळी झालेली जुनी नावं विकत घ्यायची. मी विचारलं, जुनंच कशाला? तो म्हणाला, "देखो, रिश्ता करते वक्त चार गाँव में पूछते कि नहीं? ये सर्च इंजिन भी वैसाइच पूछता." म्हणजे ज्या पानाकडे चार भली पानं पत्ता देऊन बोट दाखवतात, ते पान चांगलं, आणि ते ज्याच्याकडे बोट दाखवील तेही चांगलं. मग जुनं नाव घ्यायचं, जुनं पान जसंच्या तसं ठेवायचं आणि खाली बारीक अक्षरात जुगाराचे, वजन उतरवायच्या गोळ्यांचे पत्ते चिकटवायचे. जुगारवाले सर्चमध्ये वर चढायचे आणि मेव्हण्याला पैसे द्यायचे.

कोणती नावं मोकळी झाली आणि त्यांच्याकडे किती जण बोट दाखवतात, हे रोज सकाळी बघायचं काम माझं. बंद पडलेली शाळा. मेलेल्या गवयाच्या बायकोनं केलेलं पान. एकदा कुठल्याशा आईबापांनी आपल्या गेलेल्या मुलीसाठी केलेलं पान आलं. फोटोत तिचे पुढचे दोन दात पडलेले. त्याच्याखाली मीच जुगाराच्या ओळी टाकल्या. माझी आई असल्या लोकांना मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे म्हणायची. त्या दिवशी घास घशाखाली उतरेना. दुसऱ्या दिवशी मात्र उतरला, आणि त्याचीच मला जास्त किळस येते.

एका सकाळी आलेल्या मेलमध्ये गुरुजींच्या वेबसाइटच्या नावाची नोटीस होती. मुदत संपत आली आहे, पैसे भरा. मी छापायला घेतली. मेव्हणा पाठीशीच उभा होता. त्यानं सरांकडे बघितलं. सर म्हणाले, "ते राहू दे. छापू नको."

"सर, गुरुजींचं हाय."

"मले दिसून राह्यलं कोणाचं हाय ते. म्हाताऱ्याची ज्वारी तर चालली दुसरीकडं, आता काय करते तो त्या पानाचं?"

मी छापलं नाही. पुढच्या शनिवारी गुरुजी आले, काही आलं का विचारलं, मी नाही म्हणाले. दोन शनिवार तसंच म्हणाले. तोंड वर करून. मग मुदत संपली आणि मेव्हण्यानं नाव घेतलं. गुरुजींचा फोटो तिथंच, हातात कणीस, आणि खाली जुगाराच्या चाळीस ओळी. आपलं पान रोज उघडून बघायची सोय गुरुजींकडे कुठली? त्यांना पत्ताच नव्हता.

बाईंना मात्र लागला. बी पाठवायच्या आठ दिवस आधी त्यांचं पत्र आलं. तुमच्या फोटोखाली काय विकायला ठेवलंय ते पाहिलं. जो माणूस असं नाव विकतो, त्याच्या पिशवीत खरं कोणतं बी आहे याचा भरवसा मी काय धरावा? कृपा करून पाठवू नका.

मी गुरुजींना न विचारता उत्तर लिहिलं, की त्यांचा दोष नाही, नाव दुसऱ्यानं घेतलं. बाईंनी एका ओळीत कळवलं, असं सगळेच सांगतात.

मग मला बसमध्ये बसावंच लागलं. गुरुजी ओसरीवर बी निवडत होते. एकतीस कापडी पिशव्या ओळीनं मांडलेल्या. दोन्ही पत्रं त्यांच्या हातात दिली आणि नोटिशीचं, मेलेल्यांच्या पानांचं, सगळं सांगितलं. त्यांनी पत्रं वाचली, नीट घडी घातली.

"तुले ठावं व्हतं?"

"व्हय, गुरुजी."

"मंग सांगितलं काऊन नाई? नोकरीपायी?"

"व्हय."

"राह्यली का नोकरी?"

"राह्यली."

त्यांनी सूप पुढं ओढलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते सुपातले खडे वेचू लागले. मृगाला बारा दिवस होते. मग म्हणाले, "तिले लिहून टाक, मी मेलो मनून."

त्यांनी सूप खाली ठेवलं.

"जित्या माणसाचं नाव कोनी नेलं तर लोक मनतात, झोपला व्हता का? मेलेल्याले कोनी तसं इचारत नाई. लिही, गुरुजी गेले, मांगून कोनी तरी नाव उचललं. बी त्याईच्या हातचं हाय."

"गुरुजी, असं कसं लिहू?"

"काऊन? मेलेल्या माणसाच्या नावानं लिहायचा सराव हाय ना तुले?"

मी लिहिलं. सेंटरात त्याच कॉम्प्युटरवर बसून, त्यांची विद्यार्थिनी म्हणून; आधीच्या पत्रात हे कळवायला धीर झाला नाही, असंही जोडलं. दुसऱ्याच दिवशी बाईंचं उत्तर आलं. फार वाईट वाटलं, गैरसमजाची क्षमा असावी, बी लगेच पाठवा. ते दुखवट्याचं पत्र गुरुजींनी माझ्यासमोर वाचलं आणि म्हणाले, "बाई चांगली हाय." पिशव्यांवरच्या चिठ्ठ्या त्यांनी माझ्याकडून लिहून घेतल्या. बी मृगाच्या आधी पोचलं. नोकरी मी दिवाळीपर्यंत केली, मग सोडली. लगेच सोडली असं सांगता आलं असतं तर किती बरं वाटलं असतं.

पार्सलावर माझ्या घरचा पत्ता होता, बाई दर साल त्यावर पत्र लिहीत. काय उगवलं, काय नाही. कधी विचारत, हुरड्याच्या वाणाला दाणे भरत नाहीत, गुरुजींनी याचं काही लिहून ठेवलंय का? मी पत्र घेऊन गावी जायचे. गुरुजी खाटेवरून सांगायचे, उशिरा पेरा, हलक्या रानात नको, पाखरं राखा. मी बाईंना कळवायचे, गुरुजींच्या वहीत सापडलं. वही-बिही काही नव्हती.

चार वर्षांनी गुरुजी खरोखरच गेले. बाईंना कळवायचं तरी काय? पुढल्या पावसाळ्यात त्यांनी पुन्हा विचारलं, लाह्यांच्या वाणावर कीड पडते, वहीत बघाल का? मी पोस्टकार्ड घेतलं आणि लिहिलं, वही संपली.