बिनखिशाचे सदरे

कटिंगचं टेबल मथुराबाईच्या हाती द्यायचं की नाही, यावर आमच्या बचत गटात जेवढी खडाजंगी झाली, तेवढी सरपंचाच्या निवडणुकीतही होत नाही. मी गटाची अध्यक्ष. आमच्या बोरी अरब गावात मला विमलताई म्हणतात, पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. शाळेच्या गणवेशाचं, मुलांचे सदरे आणि मुलींचे फ्रॉक शिवायचं, काम पहिल्यांदाच आमच्याकडे आलं होतं. कापडाच्या थप्पीवर न अडखळता कात्री चालवणारी बाई गावात एकच होती, आणि ती तुरुंगातून आलेली होती.

शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, झालेल्या भांडणात मथुराबाईच्या हातून तिचा दीर मेला. तिनं ते कधी नाकारलं नाही, कोर्टातही नाही. सात वर्षं आत काढली. गेली तेव्हा अंगठा लावायची. परतली ती सही करत, पेपर वाचत, पिशवीत शिवणकामाचं प्रमाणपत्र घेऊन. पण वर्षभर तिच्याकडे कुणी फाटकं पोलकंसुद्धा टाकलं नाही. ती लोकांच्या शेतात निंदणाला जायची आणि संध्याकाळी जुन्या साड्या उसवून पुन्हा शिवत बसायची, हाताची सवय मोडू नये म्हणून. मला ते बघवेना. म्हणून मी हट्टाला पेटले.

सगळ्यात कडक रुखमाबाई. तिनं भर बैठकीत अट घातली.

"एक जरी खोट निघाली तं तिनं टेबल सोडाचं, अन् गटबी सोडाचा. कबूल हाये का?"

"कबूल," मथुराबाई म्हणाली.

समाजमंदिरात मशिनी मांडल्या. मथुराबाई कापून द्यायची, बाकीच्या शिवायच्या. कुणाकडे कॉलर, कुणाकडे बाह्या, कुणाकडे काज-बटण. तिची कात्री चालू लागली की बायका मशीन थांबवून बघत राहायच्या, आणि मी त्यांच्यावर ओरडायचे. खरं सांगायचं तर मीही बघतच होते. दर्जा असा, की दारव्ह्याच्या बाजारातल्या शिंप्यांनी येऊन पाहावा. मी हवेत होते.

सदरे शाळेत पोहोचवायच्या दोन दिवस आधी रुखमाबाई घड्या घालत होती. घालता घालता थांबली. एक सदरा उघडला, दुसरा उघडला.

"विमलताई, खिसा कुठी हाये?"

सगळ्या गोळा झाल्या. एकाही सदऱ्याला खिसा नव्हता. प्रत्येकीला वाटलं होतं, खिसे दुसरीकडे दिले असतील किंवा कटिंगवाली शेवटी लावून घेईल. मथुराबाईला मी कोपऱ्यात ओढलं.

"कापड कमी पडलं म्हणून सांगतो मी. तू गप राह्य."

"खोटं काहून बोलाचं?" तिनं माझा हात सोडवला. "चूक माही हाये."

ती टेबलाजवळ जाऊन उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "सात वर्सं मी तिथं सदरेच कापले. तिथल्या सदऱ्याले खिसा नसते. माहा हात त्याच वळणावर गेला."

ती आल्यापासून 'तिथं' हा शब्द गावात कुणी तिच्यासमोर काढला नव्हता, आणि तिनंही नाही.

विचारलं ते रुखमाबाईनंच. "काहून नसते व?"

"ठेवाचं काय खिशात? पैसा नाही, घराची किल्ली नाही." मथुराबाईनं कात्री टेबलावर ठेवली. "अट मी कबूल केलती. निघतो मी."

ती दारापर्यंत गेलीसुद्धा. रुखमाबाईनं कात्री उचलली आणि दारात जाऊन तिच्या हातात कोंबली.

"कुठी चालली? उरलेल्या कापडातून खिसे कोन कापन? आमच्यातल्या एकीले तरी जमते का?"

दोन दिवस आम्ही फक्त खिसे लावले. रुखमाबाई दुपारचं जेवायला घरी गेली नाही, तिनं मथुराबाईच्या डब्यातली भाकर खाल्ली. गावाला समजायला याहून जास्त काय लागतं?

शाळेत माझ्या आणि मथुराबाईच्या समोर हेडमास्तरांनी गठ्ठे उघडले. सदरे बघून मान डोलावली. मग मुलींचा एक फ्रॉक उचलला, उलटसुलट केला.

"ताई, फ्रॉकला खिसे आपण सांगितले नव्हते."

मला तर याचा पत्ताच नव्हता; फ्रॉकचे गठ्ठे त्या दोन रात्री मथुराबाईच्याच घरी होते. मी तिच्याकडे पाहिलं.

"नव्हते सांगतले, सर," ती म्हणाली. "पन बिनखिशाचं आता मी शिवत नाही."

हेडमास्तरांनी फ्रॉक नीट घडी करून ठेवला आणि पुढच्या वर्षीच्या मापांबद्दल तिच्याशी बोलायला लागले. माझ्याशी नाही, तिच्याशी. मी अध्यक्ष असून बाजूला उभी होते, आणि अभिमानानं माझा ऊर भरून आला होता.

पंधरा ऑगस्टला आम्ही सगळ्या मैदानाच्या कडेला उभ्या होतो. मथुराबाई मधोमध. राष्ट्रगीताच्या आधी हेडमास्तरांना माईकवरून ओरडावं लागलं, "मुलींनो, खिशातले हात बाहेर काढा!"