उपाशी म्हणून केलेली खूण

डॉ. वत्सला देवकर यांची माझी पहिली भेट नगरच्या एका प्रयोगशाळेत झाली. मी काष्टीचा, नुकताच एम.एस्सी. झालेला, संशोधन सहायकाच्या जागेसाठी आलो होतो. मॅडमनी माझी प्रमाणपत्रं बाजूला ठेवून स्वतःचा हात पुढे केला. “घ्या रक्त.” दोनदा टोचूनही मला शीर सापडली नाही. त्यांनी शांतपणे दुसरा हात पुढे केला आणि मला नोकरी दिली.

मधुमेह आणि थायरॉइडच्या विकारांवरचे त्यांचे शोधनिबंध आज विद्यार्थी अभ्यासतात. त्यांबद्दल या गौरवग्रंथात जाणकारांनी लिहिलं आहेच. मला लिहायचं आहे ते जामखेडकडच्या गावांतल्या मधुमेहाच्या पाहणीवरच्या निबंधाबद्दल. तो छापून आल्यावर मॅडमनी मागे घेतला, हे आपणा सर्वांना माहीत आहे. तो माझ्यामुळे मागे घ्यावा लागला, हे माहीत नाही.

त्या पाहणीत रक्त उपाशीपोटी घ्यायचं होतं. आपल्याकडे चहाने उपास मोडत नाही; रक्तातली साखर मात्र गोड चहाने वाढते. बायका सरळ सांगत, “पोटात कायबी न्हाई ओ. निस्ता च्या घेतलाय.” अशांना दुसऱ्या दिवशी बोलवायचं, असं मॅडमनी बजावलं होतं. पण जीप पुढच्या गावाला निघायची असे आणि मला पुन्हा यायचा कंटाळा. मी ‘उपाशी’च्या रकान्यात खूण करून मोकळा होई. एकदा नव्हे, कितीतरी सकाळी.

निबंध छापून आला की ज्यांचं रक्त घेतलं त्यांना घरी जाऊन निष्कर्ष समजावून सांगायचा, हा मॅडमचा शिरस्ता. त्या फेरीत हिराबाई नावाच्या शेतकरीण बाई म्हणाल्या, “तुमच्या कागदात साखर निगाली, तवापासून लई धास्ती घेतली बगा. लेकीच्या लग्नात बुंदीचा दाना चाकला न्हाई.” मॅडमनी मुक्काम करून पुन्हा तपासलं. साखर नव्हतीच.

“त्या दिवशी काही खाल्लं होतं का?”

“न्हाई. निस्ता च्या. ह्या सायबांना सांगितलं हुतं की.”

मी मान खाली घातली. मॅडमनी हात जोडले. “हिराबाई, चूक आमची झाली.”

परतताना त्यांनी एवढंच विचारलं, “अशा आणखी किती जणी?” मला आठवत नव्हतं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

नियतकालिकाला त्यांनी कळवलं, ‘माहिती गोळा करताना माझी देखरेख कमी पडली.’ माझं नाव कुठेच नव्हतं. पुढे त्यांच्याच मार्गदर्शनाखाली मी पीएच.डी. झालो, प्राध्यापक झालो. एका परिषदेत कुणीतरी हसत म्हणालं, “देवकरबाईंची आकडेवारी जरा जपून वापरा.” मी व्यासपीठावर होतो. समोरचं पाणी प्यायलो आणि गप्प बसलो. त्याची लाज आजही जात नाही.

हा लेख मी आधी मॅडमना दाखवला. त्यांनी पेन्सिल घेऊन जामखेडपासूनचा सगळा मजकूर खोडला. म्हणाल्या, “तुमचे विद्यार्थी वाचतील हो. कशाला?”

मॅडम, आयुष्यात पहिल्यांदा तुम्हाला सांगून तुमची आज्ञा मोडतो आहे. खोडलेला मजकूर तसाच छापायला दिला आहे. पंचाहत्तरीनंतरही तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो, आणि त्यातल्या एकाही दिवशी माझी चूक तुमची म्हणून ओळखली न जावो.