टिंबापुढचे आकडे

"पोरगी तोंड उघडत नाही, पण तिच्या टायपिंगमध्ये चूक शोधून दाखव," माझ्या घरमालकीणबाई फोनवर ऑस्ट्रेलियातल्या भावाला सांगत होत्या. मी जिन्यातच थांबले, पाऊल न वाजवता.

ॲन आर्बरमधलं ते माझं दुसरं वर्ष. बाई मूळच्या ऑस्ट्रेलियन, लग्न होऊन मिशिगनला आलेल्या, आता एकट्या. मोतीबिंदूमुळे बारीक अक्षर दिसत नसे. त्यांचे वडील ऑस्ट्रेलियातला फुटबॉल अगदी सुरुवातीच्या काळात खेळले होते, आणि जुन्या खेळाडूंची माहिती त्यांचा क्लब आता भिंतीवर लावणार होता. त्यासाठी एक पान हवं होतं. कात्रणांची वही बाईंकडे होती. ती वाचून पान टाइप करायचं काम माझ्याकडे आलं. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं, म्हणून मी मान डोलावली.

वही उघडली आणि मी गुंतत गेले. चेंडू लंबगोल, मैदान मात्र क्रिकेटचं. हा माणूस आठवडाभर कातडी कमावण्याच्या कारखान्यात राबायचा आणि शनिवारी दुसऱ्याच्या खांद्यावर गुडघा टेकून हवेत चेंडू झेलायचा. एका फोटोत तो तसाच अधांतरी होता. खालच्या माणसाचा चेहरा वैतागलेला. पुढे गुडघा गेला, तेव्हा एका लहान गावाच्या संघाचा कोच झाला. चेंडू मुद्दाम पाण्यात भिजवून सराव घ्यायचा, असं कुणीतरी लिहिलं होतं.

त्याच्या एकमेव अंतिम सामन्याचं कात्रण फाटलेलं होतं. उरले होते नुसते आकडे: त्याचा संघ ६.११, समोरचा ७.४. टिंब बघून मला षटकं आठवली, पण षटकात अकरा चेंडू कसे असतील? बाईंना विचारायला हवं होतं. विचारलं नाही. टिंबापुढचे आकडे गाळून मी लिहिलं: सहा गोल विरुद्ध सात, अंतिम सामन्यात पराभव.

सकाळी पान वाचून दाखवलं. बाईंनी मग सांगितलं: त्या सामन्याबद्दल विचारलं की वडील एवढंच म्हणत, शेवटची किक हुकली माझी.

"तरीच," त्या म्हणाल्या. "आपल्यामुळे हरले, हे घेऊन जगले बिचारे."

त्यांनी सही केली. मी पाकीट दारासमोरच्या मेलबॉक्समध्ये ठेवलं आणि टपालवाल्यानं ते न्यावं म्हणून पेटीचा लाल झेंडा वर केला.

आत येऊन वही आवरताना कोचपणाच्या काळातलं एक कात्रण पुन्हा समोर आलं. ५.८, आणि पुढे कंसात ३८. हा कंस मी आधी बघूनही बघितला नव्हता. अडतीस कुठून आले? फाइव्ह सिक्सेस आर थर्टी, मी शाळेतल्यासारखं पुटपुटले, अधिक आठ. म्हणजे गोलचे सहा गुण. आणि त्या आठांतला एकेक गुण? बातमीतच होतं: खांबाला चाटून जाणाऱ्या, थोडक्यात हुकलेल्या किकचा.

मी फाटकं कात्रण ओढलं. समोरच्यांचे सेहेचाळीस. यांचे सत्तेचाळीस. म्हणजे ती शेवटची किक हुकेपर्यंत बरोबरी होती.

खिडकीतून टपालाची गाडी शेजारच्या घरापाशी दिसली. बाई पाठमोऱ्या, चहा ओतत होत्या. मी कोट न घालताच दाराशी पोचले आणि त्या घरात पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले.

"पत्र परत आणते. चूक माझी आहे. त्या हुकलेल्या किकनंच ते जिंकले होते."