घरमालकिणीचा जामीन

खालच्या मजल्यावर तीन वर्षांत तीन भाडेकरू आले आणि तिघेही अकरा महिने पुरे व्हायच्या आत निघून गेले. एकाची म्हणे बदली झाली, दुसऱ्याला इथलं पाणी मानवलं नाही, आणि तिसऱ्याने कारणसुद्धा दिलं नाही, फाटकाला किल्ली लटकवून काढता पाय घेतला. आम्ही मराठी माणसं पिढ्यान्पिढ्या कुंभकोणमात राहतो, पण इथल्या पाण्याला नावं ठेवणारा माणूस मी जन्मात पहिल्यांदा पाहिला. "हल्लीच्या लोकांना एका जागी टिकायची सवयच नाही हो," मी आमच्या ह्यांना म्हटलं. हे पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं आणि वाचत राहिले.

मी विमा कचेरीत तीस वर्षं काढली. कागद नीट असला की माणूस नीट वागतो, अशी माझी तिथूनची पक्की समजूत. म्हटलं, आता अकरा महिन्यांचा करार बंद. तीन वर्षांचा करायचा, रीतसर नोंदवलेला, मध्येच पळून जायची सोय नाही. शिवाय जामीन हवा. जामीन इथला नाहीतर आसपासच्या गावातला पाहिजे, माणसाला चांगला ओळखणारा पाहिजे आणि त्याच्याबरोबर एका छताखाली राहणारा नको. नोंदणी कचेरीसमोर एक दस्तलेखक बसतो, त्याच्याकडे मी चार फेऱ्या मारल्या आणि दर फेरीला दोन कलमं वाढवली. भिंतीला खिळे नाहीत, पुढच्या अंगाला कपडे वाळत घालायचे नाहीत, जिन्यात चपला नाहीत. शेवटी तो बिचारा म्हणाला, "अम्मा, घर भाड्याने देताय की वसतिगृह काढताय?" मी म्हटलं, तू टाइप कर.

मे महिन्यात एक बाई घर बघायला आल्या. नर्सिंग कॉलेजात शिकवणाऱ्या, बरोबर अकरावीत जाणारी मुलगी. मायलेकी दोघीच. आधीच्या घरमालकाने मुलाचं लग्न ठरलं म्हणून त्यांना घर सोडायला लावलं होतं, तेही मुलीच्या दहावीच्या परीक्षेच्या आदल्या आठवड्यात. त्याच्या आधीच्याने घर विकलं होतं. "बारावी होईपर्यंत मला हलायचं नाही, मामी," बाई इकडच्या रीतीने म्हणाल्या. "बाकी काही नको." मी मनात म्हटलं, वा! आयती सापडली.

करार मात्र त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. आजवर कुणी वाचला नव्हता, मला जरा अभिमानच वाटला. त्यांचा भाऊ तिरुविडैमरुदूरला असतो, तो जामीन राहायला तयार होता. सगळं झालं, आणि मग बाईंनी अगदी मऊ आवाजात विचारलं, "मामी, तुमचा जामीन कोण?"

"माझा?"

"मी तीन वर्षं राहीन याची हमी माझा भाऊ देतोय. तुम्ही तीन वर्षं राहू द्याल याची कोण देणार?"

माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या म्हणता! "घर माझं आहे!" मी म्हटलं. "म्हणूनच विचारतेय," त्या म्हणाल्या. तेवढ्यात आतल्या खोलीत त्यांची मुलगी खिडकीखालच्या भिंतीवर वीत टाकून मोजत होती, टेबल बसेल का म्हणून. ते बघून मला नाही म्हणवेना. आणि खरं सांगायचं तर ताठा आड आला. मला जामीन मिळणार नाही? अख्खं गाव ओळखतं मला! तिथेच तर घोडं अडलं.

आधी ह्यांना विचारलं. "मी एका छताखाली राहतो. कलम सात," हे म्हणाले. माझा करार यांनी कधी वाचला कोण जाणे.

मग गेले तिरुवलंचुळीला, थोरल्या भावाकडे. त्याने सगळं ऐकून घेतलं, पानाला चुना लावला. "तुझ्या सचोटीची हमी माग, डोळे मिटून सही करतो. पण तुझ्या डोक्याची? मला रक्तदाब आहे गं, बाई." वहिनी दाराआड होती. तिचं हसू मला स्वच्छ ऐकू आलं.

समोरच्या घरची बाई माझी चाळीस वर्षांची शेजारीण. ती तर ऐकूनच खो खो हसत सुटली. हसतच आत गेली आणि कॉफी घेऊन आली तरी हसतच होती. मग हसू आवरून म्हणाली, "तो बदलीवाला आठवतो? त्याची बदलीबिदली काही झाली नव्हती. फोडणीचा ठसका वर येतो म्हणून तू जिन्यातून ओरडलीस ना, त्या दिवशी त्याची बायको इथे, या पायरीवर बसून रडली." कॉफी पाणचट झालीये असं सांगून मी उठून आले. कॉफी उत्तम होती. माझ्या घरातून लोक माझ्यामुळे जातात हे माझ्याखेरीज सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

दोन दिवस मी कुणाशी बोलले नाही. ह्यांना ते बहुतेक जड गेलं असावं, कारण त्यांनी गुपचूप सुनेला फोन केला. मुलगा-सून साक्कोट्टैला वेगळे राहतात. आधी ती दोघं खालच्याच मजल्यावर होती. ती गेली म्हणून तर भाडेकरू आले. रविवारी सून आली, तिने बाईंना बोलावून घेतलं, त्यांच्यासमोर बसली आणि माझ्यादेखत म्हणाली, "या चिडतात. खूप बोलतात. मला आठ वर्षं बोलल्या. पण मी गेले ती माझी मी गेले, यांनी मला कधी जा म्हटलं नाही. आमचा टेम्पो आला तेव्हा स्वयंपाकघराचं दार लावून रडत होत्या. मी सही करते."

"कांदा चिरत होते मी," मी म्हटलं.

"एकादशीला?" सून म्हणाली, आणि पेन मागितलं.

मग काय, मायलेकी राहायला आल्या. आठ महिने मी तोंडाला कुलूप लावलं. फोडणीचा ठसका आला की गच्चीवर जायची, दार आपटलं की देवाचं नाव घ्यायची. शेजारीण म्हणे, तुझी तब्येत बरी आहे ना?

फेब्रुवारीत ऊन तापलं आणि मी सांडगे घातले. दोन दिवस कोहळा किसून, डाळ वाटून, पाठ मोडून घातले. तिसऱ्या दिवशी गच्चीवर गेले तर पाण्याची टाकी धो धो वाहतेय आणि माझे सांडगे पन्हाळीकडे तरंगत चाललेत. खालून कुणीतरी पंप चालू केला होता आणि बंद करायला विसरलं होतं. माझं डोकंच फिरलं. एरवी राग आला की मला घरचं मराठीच सुचतं, पण त्यांना नीट कळावं म्हणून मी मुद्दाम तमिळमध्ये ओरडले, "तीन वर्षं गेली चुलीत! उद्याच्या उद्या घर रिकामं करा!"

खालून हूं की चूं नाही. म्हटलं, बरी जिरली. दहा मिनिटांनी, उरलेलं बोलायला म्हणून, मी खाली उतरले.

बाई कॉलेजात होत्या. मुलगी एकटीच घरी होती, अकरावीची परीक्षा तोंडावर आली म्हणून अभ्यासाची सुट्टी. तिने फळीवरची सगळी पुस्तकं खाली काढली होती आणि एकेका विषयाचा गठ्ठा करून सुतळीने बांधत होती. रडत नव्हती. हात सराईत होते, गाठ अशी की पुढे सोडायलाही सोपी जावी. माझ्याकडे बघून म्हणाली, "मामी, मी पंप विसरले. टेम्पो किती वाजता येईल? अम्माला लवकर बोलावते."

मी तिथेच जमिनीवर बसले. इतकी लाज मला साठ वर्षांत कधी वाटली नव्हती. "टेम्पोबिंपो काही येणार नाही," मी म्हटलं. "रागात बोलले गं. ठेव ती पुस्तकं वर." तिने मान हलवली, पण सुतळी काही सोडली नाही. मी पुन्हा म्हटलं, शपथ घेतली, करारातलं कलम म्हणून दाखवलं. ती नम्रपणे हो म्हणाली आणि पुढचा गठ्ठा बांधायला घेतला.

शेवटी मीच सुनेला फोन लावला. "ये बाई," मी म्हटलं. "मी जा म्हटलं त्यांना."

साक्कोट्टैहून ती स्कूटरवर पंधरा मिनिटांत आली. थेट आत शिरली. पोरीशेजारी बसली, तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "तुम्ही कुठेही जाणार नाही. मी सही केलीये." तेव्हा कुठे त्या पोरीने सुतळी खाली ठेवली आणि तिला रडू फुटलं. मी पुढे सरकले तर सून मान वर न करता म्हणाली, "आई, तुम्ही जरा वर जा."

मी मुकाट्याने वर गेले.